वाढलेला डिमेन्शिया नव्हताच

डॉक्टर दूर, मेंदूविकारतज्ज्ञ त्याहून दूर, अशा भागांत घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना मी फोनवरून सल्ला देते. त्या दिवशी एका कार्यकर्तीचा फोन आला. "मॅडम, आजींचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढलाय. रात्रभर ओरडतात, अंगावर धावून येतात. घरचे झोपेची गोळी मागतायत."

गोळीचं नंतर बघू, आधी सांगा, हे कधीपासून? "त्यांचं पहिल्यापासून असंच," घरच्यांचं उत्तर. ते तिथेच सोडलं की निदान चुकतं. म्हणून एखादी खूण धरून विचारायला शिकवते: गेल्या आठवड्यात आजी आपल्या हाताने जेवत होत्या का? संडासला एकट्या जात होत्या का? दोन्हींना 'हो'; म्हणजे बदल गेल्या चार दिवसांतला. डिमेन्शियाचा नेहमीचा प्रकार अल्झायमर, त्याची घसरण महिन्या-वर्षांची असते. चार दिवसांत माणूस इतका बदलला तर आधी डिलिरियम धरायचं, म्हणजे शरीरातल्या एखाद्या बिघाडाने अचानक आलेला भ्रम.

मग लक्ष टिकतं का ते बघायला आजींना आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. याला अक्षरओळख लागत नाही. आजी "रविवार, शनिवार" म्हणाल्या आणि तिथेच पेंगल्या. रात्री आरडाओरड, दिवसा गुंगी.

पुढचे प्रश्न ठरलेले: ताप, पडणं, पाणी, शौच, लघवी, नवं औषध. "लघवी तर सारखी होतेय, कपडे ओलेच असतात." इथे हमखास फसायला होतं. मूत्राशय तुडुंब भरलं तरी लघवी अशीच थेंब थेंब गळते. बेंबीखाली हलका हात ठेवून बघायला सांगितलं. घट्ट फुगवटा लागला, आजी कळवळल्या.

फोटो जाण्याइतकं नेटवर्क नव्हतं. औषधांची पिशवी ओतून प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचून घेतलं, तेव्हा क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची गोळी निघाली. साधी सर्दीची, म्हणून कुणी ती औषधांत धरलीच नव्हती! उतारवयात ती लघवी अडवू शकते, बद्धकोष्ठ करते, भ्रमही आणते. त्यावर झोपेची गोळी दिली असती तर आजी गप्प झाल्या असत्या, लघवी तुंबलेलीच राहिली असती.

सर्दीची गोळी बंद करून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवलं. चिठ्ठीत पहिली ओळ 'चार दिवसांत अचानक बदल', मग लघवी अडल्याची शंका, गोळीचं नाव, आणि डिमेन्शिया सगळ्यात शेवटी. तो वर लिहिला की जुनं दुखणं म्हणून परत पाठवतात.

तिथे नळी घालून लघवी काढली. भ्रम उतरायला मात्र कधी कधी आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगायला लावलं: चष्मा लावा, दिवसा उजेडात बसवा, जवळ ओळखीचं माणूस ठेवा. कार्यकर्तीची पुढची भेट नळी काढल्याच्या दिवशीच ठेवली, कारण लघवी पुन्हा अडते ती बहुतेक तेव्हाच.