सोनाराकडे कण वाया जात नाही, मग तुमची मुलं भंगार आणतात कुठून?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा प्रदर्शनाच्या टेबलापाशी विचारला जातो. मी नाशिकमधल्या एका डिझाइन कॉलेजात धातूकाम आणि दागिने शिकवते. दागिने घडवताना जे उरतं, मोडतं, टाकून दिलं जातं, त्यातून आमची मुलं दरवर्षी काही ना काही करतात आणि मांडून ठेवतात. बघायला येणाऱ्यांत सराफ बाजारातल्या घरांतली माणसं असतातच. ती वस्तू उचलतात, पहिल्यांदा उलटी करून मागचा डाख, म्हणजे धातू जोडलेला सांधा, बघतात आणि मग म्हणतात, "मॅडम, आमच्याकडे कणसुद्धा फुकट जात नाही. तुम्हाला भंगार देतं कोण?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे तुमचं खरं आहे. सोन्याचं भंगार नसतं. कारागीर बसतो त्या टेबलाला पोटापाशी अर्धगोल खाच असते आणि खाली चामड्याची झोळी किंवा पत्र्याचा खण. कानस मारताना पडणारा कीस सगळा तिथे उतरतो. हात धुतलेलं पाणी मोरीत जात नाही, वेगळ्या बादलीत साठतं. पॉलिशच्या मोटरमागे धूळ ओढून घेणारी पेटी असते. बसायची चटई झिजली तरी कुणी फेकत नाही, जाळून तिची राख ठेवतात. आणि एवढं करूनही जे निसटतं त्यासाठी झारेकरी आहेत. दुकानापुढची माती आणि गटारातला गाळ भल्या सकाळी गोळा करायचा, धुवायचा, चाळायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. दुकानातल्या केराला तर चक्क भाव असतो.

त्या केरातून सोनं निघतं कसं, हे मी मुलांना पहिल्याच वर्षी सांगते. केर जाळायचा, राख चाळायची, लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कण वेगळे काढायचे आणि उरलेलं टाकणखार घालून मुशीत वितळवायचं. राख, काच, माती वर तरंगते आणि तळाला धातूचा गोळा बसतो. त्यात सोनं, चांदी, तांबं सगळं एकत्र. मग त्यात आणखी चांदी घालतात, सोन्याचा वाटा साधारण पाव होईपर्यंत. ऐकायला उफराटं वाटतं. सोनं वेगळं काढायचंय आणि त्यात चांदी ओततोय! पण सोनं जास्त असेल तर नायट्रिक ॲसिड आतपर्यंत पोचतच नाही. पाव वाट्यावर आणलं की चांदी आणि तांबं ॲसिडमध्ये विरघळतं आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन खाली बसतं. ती भुकटी पाहून मुलांचा विश्वास बसत नाही, कारण तिला चमक अशी नसतेच. नंतर त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही पट्टीवर येऊन जमते. म्हणजे चांदीसुद्धा परत. या धंद्याला काटकसर शिकवायला जाणं म्हणजे शहाणपणा झाला.

पण ही सगळी काटकसर ज्याला भाव आहे त्याच्यापुरती. एक दागिना घडताना सोन्याला जे जे शिवून जातं आणि स्वतः सोनं नसतं, त्याचं काय होतं ते बघा. कारागिराच्या करवतीची पाती केसासारखी बारीक असते. नक्षी कापताना ती तटातट तुटते आणि नव्या मुलाच्या हातात तर विचारूच नका. कास्टिंगसाठी, म्हणजे ओतकामासाठी, मेणाचे नमुने होतात, त्यांचे तुकडे. मेण ओतायचे रबरी साचे, डिझाइन जुनं झालं की बाद. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली रेझिनची मॉडेलं. टवके उडालेले खडे, छिद्र वाकडं पडलेले नकली मोती. मखमली डब्या. जुन्या घरांत पितळी ठसे आणि पुतळ्या, बोरमाळेचे मणी ठोकायचे साचे. ज्यांनी ते वापरले ते गेले आणि पुढच्या पिढीला ते कुठे ठेवायचे कळत नाही. यातल्या कशालाही दर नाही, फार तर पितळ किलोवर जातं. आमचं काम तिथून सुरू होतं.

शिवाय आमचं स्वतःचं भंगार असतंच. मुलांच्या हातात पहिल्या दिवशी कुणी चांदी देत नाही. आधी तांबं, मग पितळ, हात बसल्यावर चांदी. शंभर नंबरी सोन्याला तर आमच्याकडे काही कामच नसतं. त्यामुळे वर्ष संपता संपता तांब्या-पितळेच्या पत्र्याचे तुकडे, फसलेल्या अंगठ्या, वाकड्या कड्या यांचे डबे भरतात. नाशिकला तांब्या-पितळेचं वावडं नाहीच. भांडी बाजार आणि तांबट लेन सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे सगळं सहज मोडीत काढता येतं.

आता खरं भांडण इथे आहे. आमच्याकडे शिकवायला एक बंगाली कारागीर येतात. आपल्याकडच्या बहुतेक सराफ बाजारांत बारीक कामाला बंगाली हात आहेत, नाशिकमध्येही. या दादांचा हात असा की डोळ्यांनी पकडता येत नाही. मुलं हे डबे टेबलावर ओततात तेव्हा दादा दर वेळी एकच म्हणतात, "गला दो." वितळवून टाका. सोनाराच्या हिशोबाने ते अगदी रास्त आहे. वितळलं की सगळ्या चुका पुसल्या, पुन्हा कोरा पत्रा. आपल्या घरांतही तेच चालत आलंय. आजीच्या पाटल्या मोडायच्या, नातीचं मंगळसूत्र करायचं. वजन राहतं, पण आजीच्या पाटल्यांवरचं काम कायमचं जातं आणि त्याबद्दल हळहळणारं घर मी तरी फारसं पाहिलं नाही.

मी मुलांना सांगते, वितळवायला हरकत नाही, पण मग तुम्ही धातू वाचवला, दुसरं काही नाही. समोरच्या तुकड्याला त्याचा म्हणून जो आकार आलाय तो तुम्हाला कागदावर कधीच सुचला नसता. तो वापरून दाखवा. हे दादांना अजून पटलेलं नाही आणि ते पटावं अशी माझी इच्छाही नाही. वर्गात दोन्ही बाजूंनी ओढणारं कुणीतरी हवं.

एक उदाहरण जवळून सांगते. पहिल्या वर्षाच्या मुलांना एक सराव असतो, पितळी पत्र्यातून लहान चकत्या कापायच्या. सगळ्यांच्या चकत्या काढून झाल्यावर पत्र्याची नुसती जाळी उरते. भोकं एका ओळीत नाहीत, कुठे दोन भोकांमध्ये दोऱ्याएवढी पट्टी, कुठे बोटभर जागा. एका विद्यार्थिनीने ती जाळी उचलली आणि म्हणाली, याचं गळ्यातलं करते. तिच्या मनात ठुशी होती, म्हणजे गळ्यालगत बसणारं काहीतरी, पण ठुशीत जिथे मणी असतात तिथे हिच्याकडे भोकं.

पहिली अडचण डाखाची. अशा जाळीवर ज्योत धरली तर बारीक पट्टी क्षणात लाल होते आणि जाड भाग अजून थंडच असतो. जाड भाग तापेपर्यंत थांबलं तर बारीक पट्टी गोळा होऊन पडते. पितळ तसंही लवकर वितळतं. तांबं १०८५ अंशांना, पितळ त्याच्या पुष्कळ अलीकडे. मग तिने डाख सोडूनच दिला. जाळीचे लहान लहान तुकडे केले आणि रिव्हेट आणि तारेच्या कड्यांनी जोडले. ती तारही फसलेल्या कड्या तापवून, जंतरातून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढून बारीक केलेली. त्यामुळे एक फायदा असा झाला की तुकडे हलते राहिले आणि हार मानेवर वळायला लागला. अखंड पत्रा कधीच वळला नसता.

दुसरी अडचण कडांची, आणि मला विचाराल तर खरं काम तेच. करवतीने कापलेली कड धारदार असते. गळ्यात घालायची वस्तू मानेला लागता कामा नये, साडीच्या पदरात, केसांत अडकता कामा नये. प्रत्येक भोकाची आतली कड गोल कानसेने उतरवायची, मग एमरी पेपर दोरीसारखा वळून भोकातून ओढायचा, मग बोट फिरवून बघायचं. बोटाला कळत नाही ते सुती कापडाला कळतं, म्हणून शेवटी वरून ओढणी ओढायची. धागा निघाला तर परत कानस. एवढ्या कामात नवी चांदी विकत आणून तिने दोन हार केले असते. दादांनी तो हार हातात घेतला, मागून-पुढून बघितला आणि कडांवरून अंगठा फिरवला. "कानस ठीक चलाया है," एवढंच बोलले. हारावर नाही, कानसेवर. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते यासाठी. माझ्या कौतुकाने ती पोरगी इतकी फुलली नव्हती.

सगळं असं जमत नाही. रबरी साच्यांचंच घ्या. दिसायला इतके देखणे की हातात आले की पोरांची डोकी चालायला लागतात. आत दागिन्याची उलटी नक्षी, कडेला साचा नीट बसावा म्हणून ब्लेडने मुद्दाम केलेली नागमोडी काप. पण दुकानदार तो साचा अख्खा देत नाही, आणि देऊही नये. त्यात त्याचं डिझाइन आहे. त्यात मेण भरलं की त्याचा दागिना कुणीही काढेल. म्हणून आमच्याकडे येण्याआधी साचे आडवे कापले जातात. त्या कापांच्या बांगड्या करून बघितल्या, पण रबराचा वास जाईना आणि काहींच्या मनगटाला खाज सुटली. शेवटी त्याच तुकड्यांच्या वर्कशॉपमध्ये गाद्या झाल्या. ऐरणीखाली ठेवल्या की ठोक्याचा आवाज निम्मा होतो. खालच्या मजल्यावरच्या वर्गाला आमच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मखमली डब्यांची कहाणी नाशिकचीच. सराफ बाजार नदीच्या उतारावर. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की बाजारात आवराआवर सुरू. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी दुकानांत शिरलं, २०१९ लाही. माल वर नेतात, डब्या राहून जातात. भिजलेली मखमल कुणी गिऱ्हाइकाला देणार नाही. आतला पुठ्ठा आमच्याही उपयोगाचा नसतो, पण कमानी आणि पितळी बिजागऱ्या उत्तम. त्या बिजागऱ्यांचे कानातले आमच्याकडे आता दर बॅचमध्ये कुणी ना कुणी करतंच. मला त्याचा थोडा कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर.

काही गोष्टींना मात्र मी हात लावू देत नाही, मग डोक्यात कितीही भारी कल्पना असो. कास्टिंगचं प्लास्टर फोडल्यावर जी पांढरी पूड उरते ती नुसतं जिप्सम नसते, तिच्यात सिलिका असते. ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. जुन्या डब्यांत केडीएम डाखाचे तुकडे सापडतात, त्यात कॅडमियम. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे ज्योतीखाली त्याचा धूर होणारच, आणि तो धूर फार वाईट. मुलामा चढवायचं जुनं पाणी तर बाटलीसकट नको, त्यात सायनाइड असू शकतं. डाखानंतर दागिना साफ करायचं गंधकाम्ल वापरून वापरून सुंदर निळं होतं, कारण त्यात तांबं उतरलेलं असतं. "मॅम, याचा रंग करू या ना," असं दर वर्षी कुणीतरी म्हणतं. नाही म्हणजे नाही. पर्यावरणाच्या नावाखाली विष घरी नेण्यात काय अर्थ आहे?

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही हळूच विचारलात: हे घालणार कोण? मुली घालतात, त्यांच्या आयाही घालतात. पण विकत घेताना गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "मोड किती येईल?" पितळेला म्हणावी अशी मोड नाही, आणि इथे घोडं अडतं. आपल्याकडे दागिना म्हणजे अडीनडीला उपयोगी पडणारा पैसा. नुसतं काम बघून पैसे मोजायची सवय साडीला आहे, दागिन्याला नाही. पैठणी परत विकली तर किती येतील, असं येवल्यात कुणी विचारत नाही. म्हणून मी मुलांना किंमत लावताना धातूचं वजन लिहूच देत नाही. किती तास कानस मारली ते लिहा. आणि पितळ आहे हे मोठ्या अक्षरांत लिहा, वर पाणी चढवून सोन्यासारखं दाखवायचं नाही.

बाजारातून सामान मिळतं ते एका अटीवर. त्यात सोन्या-चांदीचा कण निघाला तर तो ज्याचा त्याला परत. पॉलिशच्या बफच्या कापडात असं कधी कधी अडकलेलं असतं, म्हणून बफ आम्ही घेतच नाही. ते झारेकऱ्यांचं पोट आहे, आपण कशाला मध्ये यायचं?

तुमच्या घरी काही पडलं असेल तर जरूर द्या. जोडीतली एकटी राहिलेली कुडी, खडा पडलेली आर्टिफिशियल नथ, जुने ठसे, गंजलेली जंतरं, सगळं चालेल. फक्त देण्याआधी सराफाकडे नेऊन कसोटीवर घासून घ्या. सोनं निघालं तर तिथेच मोडून या, आम्हाला त्याचा काही उपयोग नाही.