तेहतिसावी ओळ

२०१६ ची गोष्ट आहे, गणपतीच्या आधीचा शनिवार. सोमवारी गणपती बसणार होते आणि माझं शनिवारी रात्रीचं संगमेश्वरचं एसटीचं रिझर्वेशन दोन महिने आधी काढलेलं, कारण त्या दिवसांत कोकणात जायची गाडी मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याला माहितीये त्यालाच माहिती. तर मी नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये होतो, एका क्लायंटचे ३२ नवे सर्व्हर रॅकमध्ये चढवून झालेले, आणि त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकून संध्याकाळपर्यंत ताब्यात द्यायचे होते.

आमचे सिनियर, ज्यांना आख्खी टीम काका म्हणायची, त्यांचं म्हणणं होतं की डीव्हीडी लाव आणि एकेक करत बस, सुरक्षित असतं. एका सर्व्हरला मला साधारण ४० मिनिटं लागायची म्हणजे ३२ ला एकवीस तास, आणि तेही प्रत्येक ठिकाणी तेच तेच प्रश्न, भाषा कुठली, टाइमझोन कुठला, डिस्क कुठली, पासवर्ड काय. मी म्हटलं काका, पीएक्सई करतो, म्हणजे डीव्हीडीऐवजी नेटवर्कवरूनच बूट आणि इन्स्टॉल. घरी लॅपटॉपवर व्हीएममध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतच बनवलेल्या आभासी मशीनमध्ये, दोन आठवडे तेच खेळत बसलो होतो त्यामुळे अंगात जरा वारं शिरलेलं. काका म्हणाले, "कर, पण मी इथे बसणार." बसले ते बरंच झालं.

ज्यांनी केलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्व्हर चालू होतो, त्याचं नेटवर्क कार्ड ओरडतं कोणी आहे का, डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो आणि वर सांगतो की अमुक मशीनकडून अमुक फाइल उचल, ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल पाठवायच्या पद्धतीने येते, त्यातून मेनू येतो, मेनूतून कर्नल आणि इनिटआरडी, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या दोन फाइली, आणि त्या ओळीत शेवटी किकस्टार्ट फाइलचा पत्ता दिलेला असतो. किकस्टार्ट म्हणजे पेपर हातात यायच्या आधीच लिहून ठेवलेली उत्तरपत्रिका. इन्स्टॉलर जे जे विचारणार त्याची सगळी उत्तरं त्यात असतात म्हणून तो विचारतच नाही, थेट कामाला लागतो. माझ्या फाइलमध्ये झिरोएमबीआर होतं आणि त्याखाली क्लीअरपार्ट ऑल, म्हणजे समोर जी डिस्क दिसेल ती साफ कर. नव्या सर्व्हरवर होतं काय पुसायला, त्यामुळे ती ओळ लिहिताना हात जराही थरथरला नाही.

सकाळ सगळी वेगळ्याच भानगडीत गेली. पहिला सर्व्हर चालू केला तर स्क्रीनवर पीएक्सई-ई५१, म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. मी डीएचसीपीची फाइल चार वेळा वाचली, सर्व्हिस तीनदा रिस्टार्ट केली, फायरवॉल बंद केला, काही नाही. नेटवर्कवर काय येतंय ते दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर माझ्याकडे विनंतीच पोचत नव्हती. शेवटी नेटवर्कवाल्याला गाठला, त्याने चहा पीत पीत विचारलं की पोर्टफास्ट आहे का? पोर्ट वर आला की स्विचमधलं स्पॅनिंग ट्री आधी १५ सेकंद ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, आणि मग पुढे जाऊ देतं. तेवढ्या वेळात आमच्या कार्डाने नाद सोडलेला असायचा. पोर्टफास्ट ही वाट बघणं टाळतो. तो लावला आणि पुढच्या मिनिटाला मेनू दिसला. तीन तास गेले एका ओळीपायी. त्याच वेळी तो म्हणाला की नव्या व्हीलॅनसाठी, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यासाठी, चेंज अप्रूव्हल लागेल, ते आता सणाच्या तोंडावर कोण देणार, तर तुझे ३२ पोर्ट जुन्याच व्हीलॅनमध्ये टाकतो, चालेल ना? मी म्हटलं चालेल. हे मीच म्हटलं, नंतर विसरल्यासारखं करून उपयोग नाही.

दुपारी साडेतीनला ३२ सर्व्हरला एकदम आयपीएमआयटूलने, म्हणजे लांबून सर्व्हर चालू-बंद करायच्या कमांडने, नेटवर्क बूटचा आदेश दिला, एक फॉर लूप, एक एंटर. सगळ्या रॅकचे पंखे एकदम घोंघावले आणि काका खुर्चीतून उठून बघायला आले. ज्या वेब सर्व्हरवरून फाइली जात होत्या त्याच्या लॉगवर टेल लावलेलं, त्यात ओळी अशा सरसर धावत होत्या की डोळे ठरेनात, एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरलेली. पंचवीस एक मिनिटांत पहिले सर्व्हर रिबूट होऊन लॉगिन प्रॉम्प्टवर आले. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, पण ती मान अजून आठवते.

मी खुशीत रिपोर्ट बनवायला बसलो. किकस्टार्ट फाइल किती आयपींनी उचलली ते मोजलं, उत्तर आलं ३३. म्हटलं एखादा सर्व्हर दोनदा बूट झाला असेल आणि आयपी बदलला असेल. माझ्या एक्सेल शीटमध्ये ३२ मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, होते, एकेक जुळवत गेलो, सगळे जुळले. तेहतिसावी ओळ चार वाजून अकरा मिनिटांची होती. कोणत्या मॅकला कोणता आयपी दिला याची नोंद असलेली डीएचसीपीची लीज फाइल उघडली, त्या आयपीपुढचा मॅक बघितला तर पहिली सहा अक्षरंच वेगळी, म्हणजे कंपनीच दुसरी. आमचे ३२ च्या ३२ एकाच कंपनीचे होते. पोटात जो गोळा आला ना, तसा आयुष्यात एकदाच आला.

"काका, हा मॅक कोणाचा?"

काकांनी चष्मा कपाळावर नेला, स्क्रीनजवळ आले, स्वतःच्या वहीची पानं उलटली. हो, वही, दोनशे पानी, त्यात प्रत्येक मशीनचं सगळं लिहिलेलं. मग एवढंच म्हणाले, "रिपोर्टवाला आहे रे."

क्लायंटचा जुना रिपोर्ट सर्व्हर, दोन रॅक पलीकडे, त्याच व्हीलॅनमध्ये. आम्ही अक्षरशः पळालो. मॉनिटर लावला तर माझाच इन्स्टॉलर, माझंच काळं स्क्रीन, पॅकेजेस चढतायत, तीनशेपैकी दोनशेच्या वर झालेली. मी केबल उपटली. काय उपयोग, पुसायचं काम सगळ्यात आधी होतं.

झालं असं होतं. डेटा सेंटरवाल्यांनी चारच्या सुमाराला वीजेची एक फीड दहा मिनिटं बंद करायचं आधी कळवलेलं, दोन फीडवर असलेल्यांना काही फरक पडणार नव्हता. या सर्व्हरला पॉवर सप्लाय दोन होते खरे, पण त्यातला एक कित्येक महिने मेलेला, पिवळा दिवा लागलेला, आणि तो दिवा रोज बघून बघून दिसेनासा झालेला. वीज गेली, सर्व्हर पडला, वीज आली, सर्व्हर उठला. पण वीज नसताना सेटिंग जपणारा आतला सीमॉस सेलही संपलेला, त्यामुळे बायॉस, म्हणजे मशीन उठवणारा आतला प्रोग्रॅम, सगळं विसरलं आणि कंपनीच्या डिफॉल्टवर गेलं, आणि त्या डिफॉल्टमध्ये पहिलं बूट नेटवर्कवरून. त्याने विचारलं कोणी आहे का, आणि मी होतो ना तिथे, सगळी उत्तरं तयार ठेवून.

आणि माझा स्वतःचा गाढवपणा वेगळाच. ३२ मशीनवर कोण एंटर मारत बसेल म्हणून मेनूत इन्स्टॉलच डिफॉल्ट ठेवलेलं, आणि सावधगिरी म्हणून टाइमआउट ३०० टाकलेला. माझ्या डोक्यात ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, चुकून कोणी आलंच तर कन्सोलवर दिसेल, थांबवता येईल. पीएक्सईलिनक्समध्ये टाइमआउट सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. ३०० म्हणजे ३० सेकंद. घरी व्हीएमवर मी नेहमी लगेच एंटर मारायचो त्यामुळे कधी कळलंच नाही.

क्लायंटला फोन काकांनी केला. मी करतो म्हटलं तर म्हणाले, "तू नको, तुझा आवाज कापतोय." पलीकडून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, काका मात्र पाच मिनिटं नुसतं "हो, चूक आमची आहे" एवढंच म्हणत होते. आमची म्हणाले, त्याची म्हणाले नाहीत.

नशीब, बॅकअप पहाटे दोनचा होता आणि तो उघडला. उघडेपर्यंत माझा त्यावर विश्वास नव्हता, कारण रिस्टोर कोणी कधी करून बघितलेलं नव्हतं. मध्ये दहाच्या सुमाराला भावाचा फोन, "गाडीत बसलास का? मखर कोण बांधणार?" मी सर्व्हरच्या मागे जमिनीवर बसलेलो, बाजूला वडापावचा कागद. डेटाबेस परत यायला रविवारची दुपार झाली, आणि पहाटे दोन ते दुपारी चार अकरा एवढ्या वेळच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच, शनिवार असल्याने फार नव्हत्या, क्लायंटच्या ऑफिसातल्या दोन मुलींनी नंतर कागदांवरून परत भरल्या. त्यांना भेटायची माझी हिंमत झाली नाही.

रिस्टोर चालू असतानाच काकांनी मेनूची फाइल माझ्याकडून बदलून घेतली. डिफॉल्ट म्हणजे लोकल डिस्क, बास. ज्याच्यावर इन्स्टॉल करायचंय त्याच्याच मॅकच्या नावाची फाइल बनवायची, आणि इन्स्टॉल संपताना पोस्ट स्क्रिप्टमधून ती काढून टाकायला सांगायचं, म्हणजे दुसऱ्यांदा तेच मशीन आलं तरी गप डिस्कवरून उठेल. डीएचसीपीलाही सांगून टाकलं की अनोळखी मॅकला उत्तर द्यायचं नाही. एकूण वीसेक ओळी झाल्या असतील. शनिवारी सकाळी लिहिल्या असत्या तर अर्धा तास गेला असता.

पण सेल तसाच होता. रविवारी दुपारी सर्व्हर उठल्यावर तारीख बघितली तर १ जानेवारी, साल सर्व्हरच्या जन्माचं. काका वाशी स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ घेऊन आले, तोच चपटा, रुपयाएवढा, आणि स्वतः बसवला. मी सोमवारी पहाटेची एसटी उभ्याने पकडली आणि आरतीला पोचलो, मखर भावाने वाकडं बांधलेलं. परत आलो तेव्हा अकाउंट्सच्या मॅडमनी काकांचं बिल माझ्याकडे पाठवलेलं, ४० रुपये, घड्याळाचा सेल, आणि वर पेन्सिलने लिहिलेलं: हे कुठल्या प्रोजेक्टमध्ये टाकू?