आजोबा मिशनमध्ये वाढले, पण कोणत्या?

साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत पणजोबांबद्दल एवढंच ठाऊक असतं की ते मिशनमध्ये वाढले. शोध घ्यायला तेवढं पुरतं. मात्र जिल्ह्याच्या नावाने शोधायला जाऊ नका, आधी मिशन कोणतं ते ठरवा. जुने कागद मिशनच्या मागे गेले, जिल्ह्याच्या नाही.

सातारा आणि वाई ही अमेरिकन मराठी मिशनची ठाणी. साताऱ्यात त्यांचं काम १८४९ मध्ये सुरू झालं. या मिशनचा बोस्टनमधल्या मुख्य कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. सांगली-मिरज प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या अमेरिकन पंथाच्या मिशनकडे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, सांगलीचं ठाणं १८८४ चं. पुढे मिशनरी जे. एल. गोहीन यांच्या काळात सांगलीची मुलांची शाळा उद्योग आणि शेती शिकवणारी शाळा म्हणून नावारूपाला आली. या मिशनचे कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत सापडतात. दोन्ही मिशनचे बरेच वार्षिक अहवाल स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. सुरुवात तिथूनच करा.

घोटाळा होतो तो गावाच्या पत्त्यात. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. नंतर ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगली आणि मिरज ही तर संस्थानं होती. त्यामुळे ‘जिल्हा सातारा’ लिहिलेला मुलगा सांगलीच्या बोर्डिंगात निघू शकतो. शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगंही टाकून पाहा. सातारा दोन टी घालून लिहिलेला असतो, मिरजेत दोन ई येतात, आणि मराठी मिशनचं जुनं नाव ‘मराठा’ या शब्दाच्या इंग्रजी रूपाने मिळतं.

दुसरा प्रश्न: अनाथालय की बोर्डिंग? घरात दोन्हींना ‘मिशन’च म्हणतात, पण नोंदी वेगळ्या. बोर्डिंगातल्या मुलाचे आईबाप हयात असायचे, खेड्यात चौथीपुढे शाळा नसायची म्हणून तो यायचा आणि सुट्टीत घरी जायचा. त्याचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाच्या नावासकट मिळतं. अनाथालयं भरली ती १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत. या मुलांना सुतारकाम, विणकाम शिकवायचे, कारण आधाराला जमीन नव्हती की भावकी. त्यांचा खर्च बऱ्याचदा परदेशातले देणगीदार उचलायचे. त्यामुळे इथे न सापडलेलं नाव कधी कधी देणगीदारांसाठी छापलेल्या मजकुरात मिळतं. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे त्या वर्षांचे अंकही चाळावेत.

इथल्या कागदांत सर्वांत कामाची बाप्तिस्म्याची नोंदवही. मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पाळकांना आधी चिठ्ठी लिहा: नाव, अंदाजे साल, तुमचं नातं. साल नुसतं ‘जुनं’ असं कळवू नका, दहा वर्षांचा पट्टा द्या. नोंदीची ओळ साधी असते: अनुक्रमांक, तारीख, नाव, आईबाप, गाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. दुष्काळी मुलाच्या ओळीत आईबापाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो. तो कोरा रकाना पाहून जीव हलतो. पण तिथेच शोध सोडू नका.

तीन गोष्टी हमखास फसवतात. बाप्तिस्म्याची तारीख जन्माची समजली जाते. मूल आठ-दहा वर्षांचं असताना बाप्तिस्मा झालेला असू शकतो. वय अंदाजे घातलेलं असतं, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख खरी धरू नका. आणि नाव बदललेलं असतं: दाखल होताना ‘गोविंदा’, नंतर ‘दानिएल’. आडनाव तर कित्येकांना लग्नाच्या वेळी किंवा नोकरीला लागताना मिळालं. म्हणून आडनावाने शोधणं मला फुकट श्रम वाटतात. गाव, साल आणि सोबत दाखल झालेली मुलं धरून चला.

वही मंडळीत नसेल तर ती मंडळी पुढे ज्या मोठ्या चर्चमध्ये सामील झाली तिथे विचारा. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल (म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या पंथाच्या) मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एक झाल्या, आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. प्रत्येक वळणावर काही वह्या नव्या कार्यालयात गेल्या, काही जुन्या पाळकाच्या ट्रंकेत राहिल्या.

आजच्या बालगृहातल्या मुलांची माहिती मात्र मागू नका. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

वही समोर आली की परवानगी घेऊन फोटो काढा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. आधी वहीचं पुठ्ठ्यावरचं नाव, मग आख्खं पान, मग ती ओळ. वरच्या-खालच्या चार ओळीही घ्या. एका दिवशी आणलेली भावंडं लागोपाठ लिहिलेली असतात, आणि तुमच्या आजोबांच्या खालच्या ओळीत त्यांची बहीण असू शकते.