मेट्रो संपते, तिथून पुढे

ऑटोमोटिव्ह चौकात नागपूर मेट्रोची ऑरेंज लाईन संपते अन् कामठीची सवारी शेअर गाडी शोधू लागते. आज संध्याकाळीही तेच. गाडी वेळेवर नाही, भरली की सुटते. गर्दीत पटकन भरते; भर दुपारी बसा मग बाप्पा, घाम पुसत! चालक तरी काय करणार, रिकामी सीट म्हणजे इंधनाचा खर्च अंगावर.

खरी गोची परवान्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार या गाड्यांच्या कंत्राटी परवान्यावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने न्यायच्या परवान्यावर, वाटेत सवाऱ्या चढवता-उतरवता येत नाहीत; ते टप्पा वाहतुकीचं, म्हणजे बसचं काम. मग अधिकृत थांबा कुठून मिळणार? पोलीस दिसला की गाडी पुढे सरकते, पिशव्या सांभाळत बाया मागे धावतात.

दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कामठीवरून पुढे कन्हानला जाईल. स्टेशन ते मोहल्ला मात्र याच गाड्या नेतील. जिन्याखाली रांग आखा, भाड्याचा फलक लावा.