मधपेटी बांधली फटींच्या हिशोबाने

मधपेटीचा आराखडा मी फटींपासून सुरू केला. लाकूड, जाडी, छप्पर हे सगळं नंतर. मधमाश्या साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद असेल तर ती प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या राळेपासून केलेल्या चिकट लुकणाने बुजवतात. रुंद असेल तर तिथे पोळं बांधून टाकतात. या फटीचा उपयोग पेटीत कसा करून घ्यायचा, हे अमेरिकेतले मधपाळ लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हेरलं आणि पुढच्याच वर्षी पेटंट घेतलं. माश्या ज्या लाकडी चौकटींत पोळं बांधतात, त्यातली एकेक चौकट पोळं न कापता अलगद उचलून बघता येते, ती या काही मिलिमीटरांमुळे. मला तर पेटीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

म्हणून मापं आतून बाहेर काढली. चौकटीची लांबी 448 मिमी, दोन्ही टोकांना 9-9 मिमी फट, म्हणजे पेटीची आतली लांबी 466. माझी फळी 20 मिमी जाडीची, म्हणून बाहेरची लांबी 506 झाली. कुणाची 22 ची असेल तर 510 होईल, पण 466 हलता कामा नये. रुंदीचंही तसंच: दर चौकटीला 35 मिमी, 10 चौकटींना 350, आणि पहिली चौकट सरकवून काढता यावी म्हणून थोडी जास्त जागा धरून 370. (ही मापं मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीची. आपली सातेरी मधमाशी लहान असते, तिच्या चौकटी लहान आणि जास्त जवळ बसतात.)

उंचीचा हिशोब सगळ्यात नाजूक. आखूड बाजूंच्या वरच्या कडेला आतून 16 मिमी खोल खाच, तिच्यात चौकटीच्या पट्टीचं 10 मिमी जाडीचं टोक बसतं, म्हणजे वर 6 मिमी मोकळे. चौकट 232 मिमी उंच, पेटी 240, म्हणजे खाली 2 मिमी. एका पेटीवर दुसरी ठेवली की दोन्हींतल्या चौकटींमध्ये बरोबर 8 मिमी राहतात. आता लाकडाचा स्वभाव असा, की ते लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं, आणि फळीची रुंदी हीच पेटीची उंची. एवढी रुंद फळी ओली असताना कापली तर वाळल्यावर दोन-तीन मिमी सहज कमी भरते. मग 8 चे 5 होतात आणि माश्या वरच्या-खालच्या चौकटी एकमेकींना चिकटवून टाकतात. त्यामुळे फळ्या हवेशीर जागी रचून, मध्ये पट्ट्या घालून, पुरत्या वाळू दिल्या आणि उंचीचा काप सर्वांत शेवटी घेतला. इथे घाई करू नये, असं मी कुणालाही कळकळीने सांगेन.

कोपऱ्यांना एकाआड एक दात कापून ते एकमेकांत बसवले, पाण्यात न सुटणारा डिंक लावला आणि खिळे दोन्ही बाजूंनी मारले. डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले की पेटी काटकोनात आहे. जरा जरी तिरकी राहिली तर चौकटी एका टोकाला भिंतीला लागतात.

वेळ खरा गेला तो चौकटींवर. प्रत्येक तुकडा वेगळा मोजण्याऐवजी करवतीपाशी एक ठोकळा पक्का केला आणि सगळे तुकडे त्याला टेकवून कापले, त्यामुळे सगळे एकसारखे निघाले. उभ्या पट्ट्या वरच्या भागात 35 मिमी रुंद ठेवल्या आणि खाली निमुळत्या केल्या. चौकटी शेजारी-शेजारी टेकवल्या की अंतर आपोआप जुळतं आणि खालून माश्यांना वाट राहते. तारा ताणून बसवल्या, वरच्या पट्टीच्या चरीत मेणपत्रा, म्हणजे माश्यांना पोळं बांधायला आधार देणारा मेणाचा पातळ पत्रा, सरकवला आणि वितळलेल्या मेणाने पक्का केला.

तळपाट आणि झाकण सोपं काम. प्रवेशाची फट 8 मिमी उंच ठेवली, म्हणजे उंदीर आत शिरत नाही. झाकणावर पत्रा. जवसाचं तेल फक्त बाहेरून लावलं आणि वास पुरता जाईपर्यंत पेटी उघड्यावर राहू दिली. आतलं लाकूड कोरंच हवं, त्यावर माश्या स्वतः प्रोपोलिस चढवतात.

पेटी मांडताना आडवी पातळी नीट तपासली, कारण माश्या पोळं ओळंब्यात बांधतात. पेटी डावी-उजवीकडे कलली तर पोळं चौकटीबाहेर जातं. पुढच्या बाजूला मात्र किंचित उतार दिला, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून.

वसाहत स्थिरावल्यावर पहिली चौकट उचलली. भिंतीशी कुठेही पोळं जोडलेलं नव्हतं, कडेच्या फटी स्वच्छ मोकळ्या होत्या. आता मधासाठी वरची पेटी करते आहे, त्याच लांबी-रुंदीची पण 168 मिमी उंच. मोठी पेटी मधाने भरली की 35 किलोच्या पुढे जाते आणि ती एकट्याने उचलायची म्हणजे पाठीशी वैर.