पखुर्डीसाठी माणच्या माळावर दोन दिवस

मी साताऱ्याची. पक्षी बघायला जायचं म्हटलं की आमची गाडी कास-बामणोलीकडे वळायची. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मात्र ताईनं हट्टानं ती पूर्वेला वळवली. तिला पखुर्डी बघायची होती, आणि कोरड्या माळावरचा हा पक्षी काही हिरव्या डोंगरात राहत नाही.

उजाडता उजाडता आम्ही वर्धनगडाच्या पायथ्याला होतो. साताऱ्यापासून जेमतेम ३० किलोमीटर. गावातूनच वाट चढते, गोमुखी दरवाजातून आत गेलं की वर वर्धनीमातेचं देऊळ. अर्ध्या तासाची चढण, पण तटावरून जे दिसतं त्यानं मी थबकले. महादेव डोंगररांगेचे उघडे, पिवळे पडलेले डोंगर थेट पूर्वेपर्यंत. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतून ढग रिते होतात, पूर्वेकडच्या माण तालुक्याच्या वाट्याला ५०० च्या आसपास उरतो. तटाच्या खाली एक खरुची वाऱ्यावर पंख फडफडवत एकाच जागी थांबली होती. शिकारी पक्ष्याची विटकरी पाठ वरून बघायला मिळाली ती आयुष्यात पहिल्यांदाच.

पुसेगावच्या पुढे शाळू काढणीला आला होता. ताटांवर भारीटांचे थवे बसत होते, उठत होते. पार इराण आणि त्याच्याही पलीकडून हे पक्षी आपल्या ज्वारीवर हिवाळा काढायला येतात.

चूक झाली ती दुपारी. महिमानगडाजवळच्या माळावर पखुर्डी शोधत आम्ही तीन तास हिंडलो. दोघींत मिळून दोन लिटर पाणी, ते एकच्या सुमारास संपलं. मोज्यांत कुसळं इतकी रुतली की पाऊल टाकवेना. डोंबारी चंडोल दिसले, सरळ वर जाऊन पंख मिटून दगडासारखे खाली येणारे. माळटिटवीची जोडी दिसली. पखुर्डी नाही. ती पायाखाली येईपर्यंत दिसतच नाही, अंगावरचा रंग आणि मुरमाचा रंग एकच. बोरीच्या सावलीत मेंढरं बसवून एक मामा उभे होते. त्यांनी कॅन पुढं केला. आम्ही काय शोधतोय ते ऐकून म्हणाले, "असं हिंडून काय गावायचं न्हाय, ताई. पाखरू पाण्याला येतंय न्हवं? सकाळच्याला पाण्याकडंला बसा गपगार." आणि पाझर तलावाची वाट दाखवली.

पखुर्डीचं जगणं कोरड्या बियांवर, म्हणून तिला रोज पाणी लागतंच. ताईला हे वाचून माहीत होतं, तरी आम्ही दिवसभर पाय तुडवले.

रात्री दहिवडीत ओळखीच्यांकडे पिठलं-भाकरी खाऊन झोपलो. रविवारी सातला तलावावर. तलाव कसला, मधोमध उरलेलं डबकं आणि भोवती भेगाळलेला गाळ. मातकट कपडे घातले होते. पाण्यापासून शंभरेक पावलांवर बाभळीआड बसलो. जवळ बसलं तर पाखरं पाण्यावर उतरतच नाहीत, तहानलेली परत जातात. त्यांची एक फेरी चुकवून मला फोटो नको होता.

साडेआठ वाजून गेले तेव्हा आवाज आला, घशातल्या घशात गुटगुटल्यासारखा. बारा पखुर्ड्या डोक्यावरून एक गिरकी मारून लांबच उतरल्या, थोडा वेळ निश्चल राहिल्या, मग तुरुतुरु पाण्याकडे. चोच बुडवायची, मान वर करायची, आठ-दहा घोट, झालं. भुर्रकन उडाल्या.

एक नर मात्र राहिला. दुर्बिणीत छातीवरचा बारीक काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. तो पोटापर्यंत पाण्यात उतरला आणि पिसं फुगवून अंग वरखाली हलवू लागला, एकसारखं, एखाद्या मिनिटाहून जास्त. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतात ते हे. त्या पिसांची ठेवणच पाणी धरून ठेवणारी असते, पिल्लं ती चोचीत धरून चोखतात.

सरकारी कागदावर असल्या माळाला 'पडीक' म्हणतात. तो शब्द मला आता वाचवत नाही.

नर उडाला तो महिमानगडाच्या दिशेनं, कालच्याच माळाकडे. म्हणजे पिल्लं तिथंच कुठंतरी मुरमात होती, आमच्या वाटेच्या आसपास. त्या माळावर परत पाय न ठेवता आम्ही दहाच्या आत गाडीकडे वळलो.