नेपाळचं काय मिळालं?

"सिस्टर, तुम्ही भूकंपात नेपाळला गेला होतात ना? मग सरकारकडून काही मिळालं का?"

दहा वर्षं हा प्रश्न माझ्या मागे आहे. वॉर्डात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर गॅसच्या एजन्सीत रांगेत उभी असताना मागच्या काकूंनी विचारलं. विचारणाऱ्याच्या मनात पदक असतं, निदान मंत्र्याच्या हातून शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो तरी. मी "नाही हो" म्हणते आणि विषय बदलते. परवा नर्सिंगच्या मुलींनी घेरलं आणि "टाळू नका मॅडम" म्हणाल्या. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सविस्तर सांगते.

मिळालं ते असं: एक पांढरा खादा (मानाने गळ्यात घालतात ते वस्त्र), एक पत्र आणि सोळा दिवसांची बिनपगारी रजा.

२५ एप्रिल २०१५. शनिवार होता. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, शाळा बंद होत्या, म्हणून कितीतरी मुलं वाचली. एरवी सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी वर्ग भरलेले असते. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्रबिंदू, ७.८ तीव्रता, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली आणि बावीस हजारांवर जखमी झाली. चार दिवसांनी आमच्या ऑर्थोपेडिक सरांचा फोन आला. "सिस्टर, आम्ही निघतोय. ऑपरेशन थिएटर सांभाळणारं कुणी हवंय. येता का?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि म्हणाल्या, "जा. पण गरम कपडे घे." बाकी कुणी काही विचारलं नाही. विमा, परवानगी, कोणाच्या वतीने, कोणाच्या जबाबदारीवर, असलं काही आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सातजण होतो. कुर्ल्याहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून जीपने सीमेवरचं सुनौली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे माणसं सरळ आत गेली. अडकली ती खोकी. प्लास्टरचे रोल, प्लेटी, स्क्रू, ऑटोक्लेव्हचे ड्रम. नेपाळच्या कस्टम्सला भन्सार म्हणतात. भन्सारवरच्या साहेबाने विचारलं, "कुन संस्था?" कुठली संस्था? आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. संस्था कुठली असणार, कुशीनगरच्या एका डब्यात बसून आलेले सातजण. सरांनी शेवटी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून पुढे केलं. त्या माणसाचं आजोळ गोरख्याला होतं म्हणून भागलं. नाहीतर तिथूनच परत फिरलो असतो.

काम गोरख्यातल्या एका शाळेच्या पटांगणात. इमारतीचा अर्धा भाग बसला होता, उरलेल्यात जायची कुणाची छाती नव्हती. ताडपत्रीखाली दोन बाक जोडून प्लास्टरचं टेबल. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आजीला डोकोत बसवून घेऊन आला. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा आणि चढ-उतार तुडवायचे. पाच तास चालला होता. आजींचं खुब्याचं हाड मोडून दहा दिवस झालेले. तिथे ऑपरेशन शक्य नव्हतं, ऑपरेशनमध्ये लागणारं एक्स-रे यंत्र, सी-आर्म, नाही की काही नाही. भरतपूरला पाठवायचं, पण गाडी मिळेपर्यंत पाय ताणून ठेवायला हवा. ट्रॅक्शन लावायला घेतलं आणि लक्षात आलं की वजनं आणलेलीच नाहीत! सात शिकलेली माणसं, आणि वजनं पुण्यात. मग पडलेल्या भिंतीतली एक वीट उचलली आणि किराणा दुकानदाराच्या तराजूत तोलली. अडीच किलो भरली. वर गोणपाटाच्या पिशवीत खडे घालून तीन केलं आणि दोरी बाकाच्या दांडीवरून खाली सोडली.

आजी माझा हात धरून सारखं म्हणत होत्या, "नानी, नानी." मला वाटलं, वेदनेनं भ्रमिष्ट झाल्यात, ऐंशीची बाई मला आजी म्हणतेय. नातू हसला. नेपाळीत नानी म्हणजे लहान पोर, बाळ. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी बाळ म्हणत होतं.

१२ मेला दुपारी पुन्हा जमीन हलली. ७.३. ताडपत्रीचे बांबू हलताना दिसले, समोरच्या डोंगरावरून धूळ उठली आणि शाळेचा उरलेला अर्धाही वाकला. आम्ही उघड्यावर होतो म्हणून वाचलो, त्यात कर्तबगारी काही नाही. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की इथे आपल्याला काही झालं असतं, तर आपण इथे होतो हे कुणाच्या कागदावर होतं?

निघताना गावाने गळ्यात खादा घातला. हेडसरांनी हजेरीच्या वहीचं पान फाडून पत्र लिहून दिलं. लिपी आपलीच, त्यामुळे वाचता येत होतं. वर 'श्री जो जससँग सम्बन्धित छ', म्हणजे ज्याच्याशी संबंध असेल त्याला. खाली आमची सात नावं, किती प्लास्टरं केली, किती जखमा शिवल्या आणि गाविसचा, म्हणजे गाउँ विकास समितीचा, निळा शिक्का. माझ्या आडनावात 'ळ' आहे. नेपाळीत तो नाही, म्हणून 'ल' झाला. तारीख: २०७२ जेठ ३ गते.

हेच पत्र मी परत आल्यावर इस्पितळाच्या एचआरमध्ये दिलं. सरांनी तोंडी सांगून ठेवलं होतं, 'स्पेशल लीव्ह होईल.' समोरच्या मुलीने पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, हे दोन हजार बहात्तर सालचं आहे."

"हो, त्यांच्याकडे विक्रम संवत चालतं."

"पण अजून यायचंय ना ते. सिस्टिम घेणार नाही. आणि हे आडनावही मॅच होत नाहीये."

त्या पोरीवर माझा राग नव्हता, आजही नाही. तिच्या खिडकीतून बघितलं तर समोर एक बाई उभी होती, सोळा दिवस गायब झालेली, आणि पुरावा म्हणून सत्तावन्न वर्षं पुढचा, वहीतून फाडलेला कागद देत होती. बिनपगारी रजा लागली.

आता तुम्ही म्हणाल, सरकार कुणालाच काही देत नाही का? देतं. सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार आहे, दरवर्षी २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख, व्यक्तीला ५ लाख. २०२४ साली तो लष्कराच्या ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटलला मिळाला. हे पथक २०१५ला नेपाळात होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा त्यांचे ९९ जण 'ऑपरेशन दोस्त'मध्ये इस्केंदेरुनला गेले, एका शाळेच्या इमारतीत ३० खाटांचं इस्पितळ उभं केलं आणि बारा दिवसांत ३,६०० रुग्ण तपासले. बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. पुन्हा शाळाच, बघा. पण पुरस्कार पथकाचा असतो. त्या ९९ जणांतला जो मुलगा रात्री दोनला प्लास्टर भिजवत होता, त्याचं नाव बातमीत येत नाही. अर्थात त्याच्या सेवेच्या कागदपत्रांत तरी नोंद होत असेल. लष्कराकडे विदेश सेवा मेडलही १९६० पासून आहे, फितीवर देशाच्या नावाची पट्टी लावलेलं.

एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचंही तसंच. नेपाळात सगळ्या परदेशी पथकांनी मिळून १६ जणांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, त्यातले ११ एनडीआरएफने. हे आकडे मी मुलींना पाठ करायला लावते, कारण पेपरातल्या फोटोंवरून वाटतं की शेकड्यांनी माणसं निघतात. तुर्कस्तानला जाताना त्यांच्या जवानांचे पासपोर्ट रातोरात बनवले गेले. पासपोर्ट बनवायचा तर आधी यादी लागते. आमची यादी गोरख्याच्या हेडसरांनी केली, तीही आम्ही निघताना.

नागरिकांसाठी जीवन रक्षा पदक आहे. पण ते जीव वाचवताना दाखवलेल्या धाडसासाठी. आम्ही कुणाला पुरातून ओढून काढलं नव्हतं. विटेला दोरी बांधली होती.

माझी वर्गमैत्रीण मेलबर्नला नर्स आहे. तिच्याकडून कळलं की ऑस्ट्रेलियात परदेशातल्या अशा कामासाठी १९९९ पासून वेगळं पदक आहे आणि ते मुख्यतः नागरिकांसाठी. सरकार आधी जाहीर करतं की अमुक प्रदेश, अमुक काळ. मग तिथे काम केलेल्या माणसाची छाननी होते. २००४च्या त्सुनामीत गेलेल्यांच्या पदकावर 'इंडियन ओशन' अशी पट्टी असते. ब्रिटननेही २०२३ मध्ये असं पदक सुरू केलं, सैनिक आणि नागरिक दोघांनाही. मैत्रिणीने फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'तू इथे असतीस तर!' मी लिहिलं, 'तिथे असते तर मला जाऊच दिलं नसतं.' ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हते.

कारण खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांना पदक देऊ नये, असं माझं आता मत झालंय. २०१०च्या हैतीच्या भूकंपात जगभरातून डॉक्टर-नर्स धावले. कुणी कुठे काय कापलं याचा मेळ लागेना. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने परदेशी वैद्यकीय पथकांसाठी निकष ठरवले. आपलं पाणी आपण आणा, आपली वीज, आपलं जेवण आणा. तिथल्या सरकारकडे नोंद करा. जाताना केसपेपर मागे ठेवा. आम्ही यातलं काय केलं? भात गावाचा खाल्ला. नोंद केली नाही. नेपाळात काम करायला आमची तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी नव्हती, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं कार्ड पर्समध्ये होतं तेवढंच. आजींना भरतपूरला पाठवताना चिठ्ठीवर सरांनी मराठीत 'डावा' लिहिलं होतं, ते मी खोडून 'बायाँ' केलं, तेही नातवाला विचारून. नेपाळीत 'दायाँ' म्हणजे उजवा. वाचणाऱ्याने 'डावा'चा 'दायाँ' समजून घेतला असता तर? सध्या एवढंच सांगते की त्या आठवणीने मला अजून मध्यरात्री जाग येते.

उद्या अशा धावून जाण्याला पदक ठेवलं तर पुढच्या भूकंपात सुनौलीला सेल्फीस्टिकवाल्यांची रांग लागेल. कोविडमध्ये बघितलंय की. 'कोविड योद्धा' प्रमाणपत्रं माझ्याकडे नऊ आहेत. एकावर देणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो माझ्या नावाच्या चौपट आहे. कोविडच्या वॉर्डात कधी न गेलेल्या माणसालाही ती मिळाली, मला मिळाली, आणि आमच्या वॉर्डातली मावशी, जिने सगळ्यात जास्त पीपीई किट घातली, तिला एकही नाही, कारण ती कंत्राटावर होती आणि यादी पगारपत्रकावरून केली होती.

कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे तुम्ही आमच्या डॉ. कोटणीसच!" हे ऐकलं की मला कानकोंडं होतं. सोलापूरचे कोटणीस १९३८ला भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते परतलेच नाहीत. १९४२ला तिथेच वारले. चीनने त्यांचं टपाल तिकीट काढलं, समाधी जपली. आम्ही सोळा दिवसांत परत आलो आणि रजेवरून भांडलो. आणि एक विचारते, त्या पथकात पाच डॉक्टर होते. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांचं नाव ऐकलंय कधी?

मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीचा रात्री साडेअकराला फोन आला. "मॅडम, आम्ही तिघी जायचं म्हणतोय. जाऊ?" टीव्हीवर मंडालेला गेलेलं लष्कराचं फील्ड हॉस्पिटल दाखवत होते. मी विचारलं, "तुमची नावं कुणाच्या यादीत आहेत?" ती गप्प झाली. मी म्हटलं, "विमा कोण देणार? तिकडे तुमच्या हातून चूक झाली तर कुणाला विचारणार? घरच्यांना फोन कोण करणार?" ती म्हणाली, "तुम्ही गेलात तेव्हा होतं का हे सगळं?" नव्हतं, म्हणून तर विचारत होते.

ती म्यानमारला गेली नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन 'आपदा मित्र' या सरकारी स्वयंसेवक योजनेच्या प्रशिक्षणाला मात्र नाव घातलं. पुरात दोर कसा टाकायचा, स्ट्रेचर कसं वाहायचं, सगळं शिकून आली. परवा तिने ओळखपत्राचा फोटो पाठवला, खूश होती. मी झूम करून पाहिलं. तिच्याही आडनावात 'ळ' आहे आणि कार्डावर 'ल' छापलाय.

मी तिला लगेच फोन लावला. म्हटलं, सोमवारी सकाळी जा आणि आधी ते दुरुस्त करून आण.